साठ दुकानांना निरोप द्यायचा, तर पहिला फोन कोणाला?

प्रश्न: आमचं भांडी बाजारात दुकान आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही दुकानदार एकमेकांना फोन करतो आणि माल वरच्या फळ्यांवर चढवतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे. यंदा त्याने वहीत साठ दुकानांची नावं लिहिली आणि कोणी कोणाला फोन केला तर सगळ्यांना लवकर कळेल, याची गणितं मांडत बसला. आता म्हणतो, यातच काहीतरी करायचंय. एक ओळखीचे सांगतात, बारावीनंतर सहा महिन्यांचा नेटवर्किंगचा कोर्स करा, लगेच नोकरी. मेहुणे म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात या प्रश्नाला काही अर्थ आहे का? आणि यावर पोट भरेल का?
– एक पालक, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मुलाला पडलेल्या प्रश्नावर गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ 1970च्या दशकापासून काम करत आहेत. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही, पुराच्या धास्तीतून ते त्याचं त्याला सुचलं. म्हणून सगळ्यात आधी एक विनंती. ती वही जपून ठेवा.

हिशेब तुम्हीही करून पाहा. एका फोनला एक मिनिट धरू. तुम्ही एकट्याने 59 जणांना फोन केले तर 59 मिनिटं जातील. पण ज्याला कळलं त्यानेही लगेच पुढे फोन करायला घेतला, तर एकाचे दोन, दोनाचे चार, मग आठ, सोळा, बत्तीस, आणि सहाव्या मिनिटाला साठही दुकानांत बातमी पोचलेली असेल. फोन तेवढेच, 59. वेळ मात्र सहा मिनिटं.

पण प्रत्येकाकडे प्रत्येकाचा नंबर कुठे असतो? खरी मजा इथून सुरू होते. समजा सोळाच दुकानं आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाचा नंबर ठेवायचा, तर ओळखीच्या 120 जोड्या लागतील. पाणी आधी कोणाच्याही नजरेस पडो, चार मिनिटांत सगळ्यांना कळलंच पाहिजे, एवढीच अट असेल तर किती जोड्या पुरतील? 32. त्याहून कमी चालत नाहीत, आणि का चालत नाहीत ते अकरावीच्या मुलाला नीट समजेल. चार मिनिटांत एकाचे सोळा व्हायचे तर एकही मिनिट कोणी गप्प बसून चालत नाही. सुरुवात करणाऱ्यालाही चारही मिनिटं नवा माणूस गाठावा लागतो. सुरुवात कोणीही करू शकतो, म्हणून प्रत्येकाकडे निदान चार नंबर हवेत. सोळा गुणिले चार, भागिले दोन, बत्तीस. ही रचना काढायची कशी, ते त्याला शोधू द्या. इशारा एवढाच: प्रत्येक दुकानाला 0 आणि 1 वापरून चार अंकी क्रमांक द्यायचा.

दुकानांची संख्या सोळासारखी सोयीची नसली की हेच गणित अवघड होत जातं. कोणाकडे कोणाचा नंबर आहे याचं जाळं कसंही वेडंवाकडं असलं तरी निरोपाचा सगळ्यात जलद क्रम झटपट आणि हमखास काढून देईल, अशी पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही. या क्षेत्रात अजून भरपूर काम शिल्लक आहे, एवढं यावरून तुमच्या लक्षात येईल.

आता व्हॉट्सअ‍ॅप. ग्रुपवर तुम्ही एकदाच लिहिता, पण तो मजकूर प्रत्येकाच्या फोनपर्यंत नेण्याचं, बंद असलेल्या फोनसाठी तो राखून ठेवण्याचं काम पलीकडची यंत्रणा करत असते. ती यंत्रणा बांधणारी माणसं नेमका तुमच्या मुलाचाच प्रश्न सोडवत असतात. शिवाय ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांनी वाचलं, असं धरून पुराच्या रात्री चालत नाही.

2023 मध्ये देशभर फोन अचानक मोठ्याने वाजले आणि चाचणीचा संदेश आला, ते आठवत असेल. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. त्यात कोणाचाच नंबर लागत नाही. टॉवर एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन तो ऐकतात, त्यामुळे लाइनींवर गर्दी असतानाही संदेश अडकत नाही. 2027च्या सिंहस्थात रामकुंडाच्या परिसरात लोटणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे याचं मोल वेगळं सांगायला नको. इथे गणितही बदलतं. फोनवर एका वेळी एकाशीच बोलता येतं, रेडिओवर सगळे ऐकतात, पण शेजारची दोन केंद्रं एकाच वेळी एकाच लहरीवर बोलली तर मधल्याला काहीच कळत नाही.

यावर पोट भरतं का? भरतं. दूरसंचार कंपन्या, इंटरनेटच्या मोठ्या यंत्रणा चालवणाऱ्या कंपन्या, 1984 पासून दूरसंचार तंत्रज्ञानावर काम करणारी सी-डॉट ही सरकारी संस्था, शिवाय संशोधन आणि अध्यापन. सगळीकडे अशी माणसं लागतात.

सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राउटर बसवणं, जोडणं, बिघाड शोधणं हे इज्जतीचं आणि गरजेचं काम आहे. पण तुमचा मुलगा विचारतोय ते वेगळं आहे. त्याला जाळं कसं असावं हे ठरवायचंय. त्यासाठी गणित पक्कं हवं, आणि ते या वयात जितकं चांगलं होतं तितकं नंतर नोकरी सांभाळून होत नाही. कोर्स पुढे केव्हाही करता येईल. आत्ता त्यात पैसे घालू नका.

मेहुण्यांचं निम्मं बरोबर आहे. निरोपाचा क्रम, आकडेमोड, प्रोग्राम लिहिणं यात तो रमत असेल तर कॉम्प्युटर. टॉवर, लहरी, सिग्नल यांची ओढ असेल तर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. दोन्ही शाखा नाशिकमध्ये आहेत, एमएचटी-सीईटी देऊन प्रवेश मिळतो, घर सोडावं लागत नाही. तिसऱ्या वाटेचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, आणि या मुलासाठी मला तीच सगळ्यात जवळची वाटते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्र एकत्र शिकवणारी पदवी आहे. प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची असते. पेपर अवघड असतो आणि त्यात घोकंपट्टीचा उपयोग नसतो. अकरावीपासून तयारी केली तर वेळ पुरेल. नाहीच जमलं, तरी ती तयारी सीईटीच्या गणिताला कामी येईल.

त्याला झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडच्या, म्हणजे शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठीच्या संगणकशास्त्राच्या स्पर्धेच्या, जुन्या प्रश्नपत्रिका काढून द्या. त्या कागद-पेन्सिलने सोडवायच्या असतात, प्रोग्रामिंग यावं लागत नाही. दर रविवारी दोन-तीन प्रश्न, एवढंच. दोन महिन्यांनंतरही तो आपणहून वही उघडत असेल, तर चेन्नईचा विचार गांभीर्याने करा. कंटाळला, तर इंजिनिअरिंगच्या दोन्ही शाखा आहेतच.

आणि त्याला माझा एक प्रश्न विचारा. साठांपैकी कुठलंही एक दुकान फोन उचलत नसेल, आणि ते कोणतं हे आधी माहीत नसेल, तरी उरलेल्या सगळ्यांना कळायला हवं. मग प्रत्येकाकडे निदान किती नंबर लागतील? उत्तर आणि त्यामागचं कारण मला लिहून पाठवायला सांगा. चुकलं तरी पाठवू दे.