‘ओम्’, ‘आमेन’ आणि ‘तथास्तु’

प्रश्न असा आहे: ‘ओम्’च पश्चिमेकडे जाऊन ‘आमेन’ किंवा ‘आमीन’ झाला, हे कितपत खरे? आणि भाषांतर करताना ‘आमेन’च्या जागी ‘तथास्तु’ लिहिले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. हे दोन वेगळ्या कुळांतले शब्द आहेत. ‘आमेन’ हिब्रू. हिब्रू-अरबीत धातूचा जीव व्यंजनांत असतो, स्वर रूपाप्रमाणे पालटतात. ‘आमेन’ची व्यंजने तीन, अलेफ, मेम आणि नून, मूळ अर्थ पक्के असणे, भरवशाचे असणे. शेवटचा ‘न’ धातूचाच आहे, तो गाळता येत नाही, आणि ‘ओम्’मध्ये ‘न’ला जागाच नाही. आपली परंपरा ‘ओम्’ची व्युत्पत्ती ‘अव्’ म्हणजे राखणे या धातूपासून लावते. ध्वनी कानाला जवळचा वाटला म्हणून व्युत्पत्ती एक होत नाही.

‘आमेन’ची सख्खी भावंडे हवी असतील तर ती मराठीतच नांदताहेत. याच तीन व्यंजनांतून अरबीत ईमान, अमानत, अमीन, मोमीन हे शब्द झाले आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे रुळले. एखाद्याने इमानेइतबारे चाकरी केली असे आपण म्हणतो, किंवा कुणाला बेइमान ठरवतो, तेव्हा ‘आमेन’चाच धातू तोंडी असतो. जुळवून आणलेल्या नात्यापेक्षा हे नाते मला कितीतरी मोलाचे वाटते.

तरीही हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्या कानाने काहीतरी खरे टिपलेले असते. दोन्ही शब्दांचे जुने काम एकच आहे: होकार देणे. ‘ओम्’ म्हटले की आपल्याला ध्यान आणि परब्रह्म आठवते, पण छांदोग्य उपनिषद पहिल्याच खंडात त्याला ‘अनुज्ञाक्षर’ म्हणते. माणूस कशालाही संमती देतो तेव्हा ‘ओम्’ असेच म्हणतो, असा तिथला खुलासा आहे. अमरकोशातही ‘ओम्’ हा ‘एवम्’ आणि ‘परमम्’ यांच्यासोबत संमतीच्या अर्थाने नोंदवला आहे.

हा होकार प्रत्यक्ष कसा दिला जाई, ते ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात (७.१८) दिसते. राजसूय यज्ञात अभिषेक झालेल्या राजाला ‘होता’ हा ऋत्विज शुनःशेपाची कथा सांगतो. सांगणारा सोन्याच्या आसनावर, प्रतिसाद देणाराही सोन्याच्या आसनावर. ऋचा म्हटली की उत्तर ‘ओम्’, गाथा म्हटली की उत्तर ‘तथा’. कारणही दिले आहे: ‘ओम्’ हे दैवी, ‘तथा’ हे मानुष. आणि कथा कोणती? हरिश्चंद्राने वरुणाला मुलगा बळी देण्याचे वचन दिलेले, मुलाऐवजी शंभर गाई देऊन विकत घेतलेला शुनःशेप यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधलेला, आणि देवांच्या स्तुतीने त्याचे पाश गळून पडलेले. बायबलमधल्या अब्राहामाने मुलावर सुरी उचलली आणि ऐन वेळी मेंढा पुढे आला, ती गोष्ट ठाऊक असलेल्याला हे वाचताना थांबावेच लागते. दोन्हीकडे बाप, मुलगा, देवाची मागणी आणि सुटका. एकाची गोष्ट दुसऱ्याने घेतली असे मात्र एवढ्यावरून म्हणता येणार नाही.

आता ‘आमेन’ पाहा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात लेवी वंशातले लोक मोठ्याने बारा शाप उच्चारतात आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी ‘आमेन’ म्हणायचे असते. म्हणजे हे मान्य आहे, हे आमच्यावर बंधनकारक आहे. यहुदी उपासनेत दुसऱ्याने म्हटलेल्या आशीर्वचनाला ‘आमेन’ म्हणतात. सूरह फातिहानंतर ‘आमीन’ म्हणतात, पण तो शब्द कुराणाच्या संहितेचा भाग नाही, तो ऐकणाऱ्याचा आणि म्हणणाऱ्याचा प्रतिसाद आहे.

‘ओम्’ आरंभी आणि ‘आमेन’ शेवटी, हा फरकही वाटतो तितका पक्का नाही. मनुस्मृती (२.७४) वेदपठणाच्या आरंभी आणि शेवटी, दोन्हीकडे प्रणव, म्हणजे ‘ओम्’, सांगते. उलट येशू आपले बोलणेच ‘आमेन’ने सुरू करतो. मराठी बायबलमध्ये ‘मी तुम्हांला खचीत सांगतो’ असे येते, त्यातल्या ‘खचीत’मागे मूळचा ‘आमेन’च आहे.

पुढे दोन्ही शब्दांची अक्षरे सुटी करून त्यांत अर्थ पाहिला गेला, हे साम्य मला फार आवडते. मांडूक्य उपनिषदाने अ, उ, म् यांत जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती, म्हणजे गाढ झोप, पाहिली. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात ‘आमेन’च्या तीन अक्षरांवरून ‘एल मेलेख नेएमान’, म्हणजे देव, विश्वासू राजा, असे वाचले गेले. या ‘नेएमान’मध्येही पुन्हा तोच धातू आहे.

राहिला ‘तथास्तु’. अर्थ जुळतो, पण तोंड जुळत नाही. ‘तथास्तु’ देणारा म्हणतो: प्रसन्न झालेला देव, वर देणारा ऋषी. ‘आमेन’ मागणारा म्हणतो, किंवा मागणाऱ्याच्या बाजूने उभे असलेले म्हणतात. पसायदानात हा भेद स्वच्छ दिसतो. ‘हा होईल दानपसावो’ हे ज्ञानदेव म्हणत नाहीत, विश्वेश्वरावो म्हणतात. ते ‘तथास्तु’चे स्थान आहे. तेव्हा प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘तथास्तु’ घातले तर तो स्वतःच स्वतःला वर देऊन मोकळा होतो. तिथे ‘तसेच होवो’ लिहावे. प्रार्थना ख्रिस्ती किंवा यहुदी असेल तर ‘आमेन’, मुसलमानी असेल तर ‘आमीन’ तसाच ठेवावा. दोन्ही मराठी वाचकाला कळतात. शापांना किंवा करारातल्या अटींना दिलेला ‘आमेन’ असेल तर ‘मान्य’ किंवा ‘कबूल’ अधिक नेमका बसेल, कारण तिथे कुणी काही मागत नसते.