वाचकांचे प्रश्न : वेल्समधला वसंत आणि पक्ष्यांची वार्षिक यादी

गेल्या अंकातील माझ्या लेखात, पक्ष्यांची वार्षिक यादी ठेवताना वेल्समध्ये केलेल्या वसंतातील भटकंतीचे वर्णन होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : वार्षिक यादी ही स्पर्धा आहे की छंद? तिचे नियम कोण ठरवते? नुसता आवाज ऐकला तर तो पक्षी यादीत धरतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : १ जानेवारीला कोरी वही उघडायची आणि ३१ डिसेंबरपर्यंत दिसलेल्या किंवा ऐकलेल्या प्रत्येक जातीची पहिली नोंद तारीख व ठिकाणासह करायची, एवढाच हा प्रकार आहे. काही जण त्याची स्पर्धा करतात, मी करत नाही. पण शेजारच्या गावातील मित्राची यादी माझ्यापेक्षा दहाने पुढे गेली की मला त्या रात्री झोप जरा उशिरा लागते, हेही कबूल केले पाहिजे. कोणती जात ब्रिटनची मानायची हे ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन ठरवते आणि वेल्सपुरती अधिकृत यादी वेल्श ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी ठेवते. माणसाने आणलेली, पण आता स्वतःच्या बळावर पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेली जात धरतात. पाळणाऱ्याच्या हातून सुटलेला एखादा हॅरिस हॉक कितीही ऐटीत खांबावर बसलेला असला तरी धरत नाहीत. गंमत म्हणजे लंडनच्या बागांत कलकलाट करणारा कंठवाला पोपट, म्हणजे आपल्याकडच्या पेरूच्या झाडावरचाच, या नियमाने तेथील अधिकृत यादीत बसतो.

आवाजाबाबत प्रत्येकाने स्वतःचा नियम करावा आणि वर्षभर तो पाळावा. मी ऐकलेला पक्षी धरतो. त्याचे कारण व्यावहारिक आहे. चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोन हिरवट-पिवळसर वटवटे फांद्यांत इतके सारखे दिसतात की पायांचा रंग गडद की फिका, हे न्याहाळण्यात सकाळ निघून जाते; गायला लागले की मात्र शंका उरत नाही. चिफचॅफ आपल्या नावाचीच दोन अक्षरे घोकत बसतो, तर विलो वॉर्बलरचे गाणे वरच्या सुरावर सुरू होऊन पायऱ्या उतरत, विरत खाली येते. पहिला बहुधा मार्चच्या मध्यापासून ऐकू येऊ लागतो आणि दुसरा एप्रिल उजाडल्यावर.

प्रश्न : माझी मुलगी कार्डिफला असते. पुढच्या वर्षी आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत, पण पक्ष्यांसाठी एकच आठवडा मोकळा मिळेल. तो कोणता निवडावा आणि कोठे जावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एप्रिलचे शेवटचे चार दिवस आणि मेचे पहिले तीन दिवस धरून तिकिटे काढावीत, आणि त्यातील किमान दोन पहाटा मध्य वेल्समधील ओकच्या रानांसाठी राखून ठेवाव्यात. कार्डिफहून उत्तरेला मोटारीने सुमारे दोन तासांवर रायडर नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या एका बाजूला एलान खोऱ्यातील धरणे आणि दुसऱ्या बाजूला मार्टेग नदीकाठचे गिलफाख हे राखीव क्षेत्र आहे. आणखी पश्चिमेला, डोवी नदीच्या मुखाजवळ इनिस-हीर हे आणखी एक राखीव क्षेत्र आहे. आपल्याकडे वैशाख वणवा पेटलेला असताना या रानांवर पालवीचा पिवळट हिरवा रंग नुकता चढत असतो, आणि पाने पूर्ण उघडली नसल्यामुळे पक्षी दिसतातही.

या रानांत तीन पाहुणे पाहावयाचे असतात आणि तिघेही आफ्रिकेतून येतात. पहिला तेथला थिरथिरा. आपल्या महाराष्ट्रात हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या थिरथिऱ्याचा हा भाऊबंद. नारिंगी शेपटी सतत थरथरवण्याची सवय तीच, त्यामुळे मराठी नाव त्यालाही चपखल बसते. दुसरा काळा-पांढरा माशीमार. गिलफाखला एका ओकवर पक्ष्यांच्या घरट्यासाठी टांगलेल्या लाकडी पेटीपाशी मी एप्रिलअखेरच्या एका सकाळी पाऊण तास उभा होतो. नर पेटीच्या भोकाशी येई, डोके आत घाली, बाहेर येऊन शेजारच्या फांदीवर चार सूर गाई आणि पुन्हा भोकाशी जाई. जवळच्या फांदीवर बसलेली करड्या रंगाची मादी हे सारे निर्विकारपणे पाहत होती. भाडेकरूला खोली दाखवणाऱ्या घरमालकाचाच तो आविर्भाव होता. नर मादीच्या काही दिवस आधी येऊन पोकळी ताब्यात घेतात आणि मग ती अशी दाखवत फिरतात. वेल्समध्ये वर्षानुवर्षे टांगलेल्या अशा पेट्यांचा या पक्ष्याला मोठा आधार झाला आहे.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, वूड वॉर्बलर. फरशीवर पडलेले नाणे गिरक्या घेत घेत, आवाज जलद होत होत शेवटी थरथरून स्थिर व्हावे, तसे त्याचे गाणे असते. तो घरटे जमिनीवर, वाळलेल्या पानांत करतो, आणि त्याला झाडांखाली झुडपांची गर्दी नको असते. वेल्समधील ओकच्या उतारांवर मेंढ्या चरत असल्यामुळे जमीन मोकळी राहते आणि ती त्याला मानवते. मेंढ्या अती झाल्या तर नवी ओकची रोपे उगवत नाहीत आणि पुरत्या काढून टाकल्या तर काटेरी वेलींनी जमीन भरून जाते, म्हणून राखीव क्षेत्रांत मेंढ्यांचे चरणेही हिशेबाने ठेवावे लागते.

आठवड्याचा आग्रह मी का धरतो, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. एका वर्षी मे महिन्यात कामांची गर्दी होती. वूड वॉर्बलर कोठे पळून जात नाही, अशा समजुतीने मी जूनच्या मध्यावर रानात गेलो. पक्षी तेथे असणारच, पण जोडी जमलेल्या नरांचे गाणे बरेच थंडावते आणि वर पानांचे छत बंद झालेले असते. चार तासांत एकही दिसला नाही की ऐकू आला नाही, आणि त्या वर्षीच्या यादीत ती ओळ कोरीच राहिली. तेव्हापासून यादीतील संख्येपेक्षा तारखेचा रकाना मी अधिक काळजीने भरतो, कारण पुढच्या वर्षी घरातून केव्हा निघायचे हे तोच सांगतो.

तारखांचे महत्त्व पक्ष्यांनाही आहे. ओकची कोवळी पाने फुटली की त्यांवर अळ्यांचा सुकाळ होतो आणि तो जेमतेम काही आठवडे टिकतो. माशीमाराची पिल्ले त्याच वेळी अंड्यांतून बाहेर यावी लागतात. एप्रिल उबदार गेला तर पाने व अळ्या लवकर येतात, पण पश्चिम आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला वेल्समधील हवेची खबर कशी लागणार? तो दिवसाच्या लांबीवरून निघतो. नेदरलँड्समधील अभ्यासकांना असे आढळले की, जेथे अळ्यांचा सुकाळ सर्वांत लवकर येऊन जाई, तेथील माशीमार वीसेक वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले होते.

प्रश्न : लेखात १५ एप्रिलला ॲबरिस्टविथजवळच्या गोठ्यात माळभिंगरी आल्याचे आपण लिहिले आहे. आमच्या शेतावरील तारांवर हिवाळाभर बसणाऱ्या माळभिंगऱ्या मार्चमध्ये जातात. त्याच तेथे पोहोचत असतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कल्पना मोहक आहे, पण नाही. जात एकच असली तरी वाटा वेगळ्या आहेत. आपल्याकडील हिवाळी माळभिंगऱ्या हिमालयात आणि उत्तर आशियात वीण करतात. ब्रिटनमधील भिंगऱ्या हिवाळ्यासाठी थेट दक्षिण आफ्रिकेत जातात. हे पहिल्यांदा सिद्ध झाले ते एका लहानशा धातूच्या कड्यामुळे. मे १९११मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात एका वकिलाने आपल्या घराच्या देवडीत घरटे करणाऱ्या भिंगरीच्या पायात कडे घातले. डिसेंबर १९१२मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातील एका शेतघरात सापडली आणि तेथील शेतकऱ्याने कड्यावरील पत्त्यावर पत्र लिहिले.

तेथील कोकिळेविषयीही अशीच गल्लत होते. वेल्सच्या माळांवर एप्रिलच्या उत्तरार्धात ‘कुक्-कू’ ऐकू येते, तो पक्षी आपल्या आंब्यावरच्या कोकिळाहून वेगळा आहे. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. वेल्सच्या डोंगराळ भागातील कुक्कू मुख्यतः लहानग्या तीरचिमणीला फसवते. २०११पासून ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था या कुक्कूंच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवत आहे. त्यावरून ते हिवाळा काँगो नदीच्या खोऱ्यात काढतात, हे कळले.

प्रश्न : पफिन पाहण्याची फार इच्छा आहे. स्कोमर बेटावर जाणे कितपत सोपे आहे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण कोकणातले, तेव्हा समुद्राच्या लहरीपणाबद्दल मी काय सांगावे! पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावरील मार्टिन्स हेवन या चिमुकल्या धक्क्यावरून एप्रिल ते सप्टेंबर बोटी सुटतात, सोमवारी बहुधा बंद असतात आणि दिवसाला सुमारे २५० लोकांनाच बेटावर उतरू देतात, म्हणून जागा बऱ्याच आधी नोंदवावी लागते. तो धक्का उत्तरेकडे उघडा आहे. उत्तरेचा वारा सुटला की लख्ख ऊन असूनही बोट निघत नाही. माझ्या पहिल्या वेळी असेच झाले. पहाटे तीनला उठून गेलो आणि डबा खडकावर बसून खाऊन परत आलो. म्हणून दोन दिवस हाताशी ठेवावेत.

पफिन हे समुद्रपक्षी एप्रिलमध्ये येतात आणि जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात. अलीकडच्या मोजण्यांत स्कोमरवर ४० हजारांहून अधिक पफिन आढळले आहेत. वेल्श भाषेत या पक्ष्याचे नाव ‘पाल’ आहे. मी आईला फोनवर “आज हजारो पाली पाहिल्या” असे सांगितले तेव्हा तिने विषयच बदलला. ते बिळांत अंडी घालतात, त्यामुळे पायवाट सोडून एक पाऊल टाकले तरी खालचे बीळ ढासळू शकते.

मात्र त्या बेटाचा खरा धनी दिवसा दिसतच नाही. मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या तेथे वीण करतात, आणि ती जगातील सर्वांत मोठी वसाहत आहे. जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, मोठे कुरव त्याला फाडतात, म्हणून तो अंधार पडल्यावरच बिळाकडे येतो. चांदणे असेल तर तेही टाळतो. यादीसाठी बेटावर मुक्काम करणे आवश्यक नाही. मे महिन्यात संध्याकाळी मार्टिन्स हेवनजवळच्या टोकावर उभे राहिले, तर सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यावर त्यांचे काळे थवे जमताना दुर्बिणीतून दिसतात. शेजारच्या स्कोकहोम बेटावर निसर्ग-अभ्यासक रोनाल्ड लॉकली यांनी या पक्ष्यांवर प्रयोग केले होते. १९५२मध्ये तेथून नेलेला एक पक्षी अमेरिकेत बॉस्टनला सोडला. साडेबारा दिवसांत तो आपल्या बिळात परत आला, आणि त्याला सोडल्याचे कळवणारे पत्र त्याच्यानंतर पोहोचले.

प्रश्न : मी स्वान्सीला शिकतो. यंदा मीही यादी सुरू केली आहे. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावले तर चालते का? काळे ग्राऊस पाहण्यासाठी किती जवळ जावे? (एक विद्यार्थी)

उत्तर : वसंतात आवाज वाजवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. नराला वाटते की प्रतिस्पर्धी हद्दीत शिरला. तो चारा आणणे सोडून त्याला शोधत फिरतो, आणि आपल्याला मिळते ती केवळ एक ओळ. शिवाय ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील गव्हाणी घुबड, खंड्या, बहिरी ससाणा, तांबडी घार, छोटी सुरय यांसारख्या पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने त्रास देणे हा गुन्हा आहे. प्रेस्टॅटिनजवळच्या ग्रोनांत किनाऱ्यावर छोट्या सुरयांची वसाहत आहे. तेथे कुंपणाबाहेर उभे राहून त्या पुरेशा छान दिसतात.

काळे ग्राऊस हे कोंबडीच्या जातकुळीतले पक्षी. त्यांचे नर एप्रिलमध्ये, उजाडण्यापूर्वी, ठरलेल्या जागी जमून शेपट्या पिसारून नाचतात आणि एकमेकांना आव्हान देतात. लँगोलनजवळच्या माळावर रस्त्याच्या कडेने ते दिसतात. उजेड होण्याआधी पोहोचावे, इंजिन बंद करावे आणि नाच संपेपर्यंत मोटारीतून पाय बाहेर काढू नये. सोलापूरजवळ नान्नजला ज्यांनी लपणगृहात बसून माळढोक पाहिला असेल त्यांना ही शिस्त नवी नाही. आपल्याकडे मोटार नसेल तर हा पक्षी यंदा सोडून द्यावा आणि रेल्वेने लँडडनो जंक्शनला जावे; स्थानकावरून चालत जाण्याच्या अंतरावर कॉनवी नदीकाठचे राखीव क्षेत्र आहे. नदीखालून महामार्गाचा बोगदा करताना निघालेल्या गाळावर ते उभे राहिले आणि १९९५मध्ये खुले झाले. एप्रिल-मेमध्ये तेथे एका सकाळी पाणथळीचे पक्षी आणि वटवटे मिळून यादीत बरीच भर पडते.

प्रश्न : मेअखेर आपली संख्या किती झाली? आणि जूनमध्ये काय करता? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : १५८. गेल्या वर्षी याच दिवशी १६१ होती. जूनमध्ये नवे फारसे मिळत नाही, पण वसंतातील एक पाहुणा अजून बाकी आहे. रातवा मेच्या मध्यापासून येतो आणि सूचिपर्णी झाडांची लागवड तोडून मोकळ्या केलेल्या उतारांवर राहतो. तो चरख्यासारखा एकसुरी घरघरतो, तेही सूर्यास्तानंतर, म्हणजे तेथे रात्री दहाच्या सुमारास. गेल्या आठवड्यात दोनदा गेलो; एकदा पाऊस लागला आणि दुसऱ्यांदा वारा पडला होता खरा, पण बारीक डास इतके चावले की अर्ध्या तासात गाडीत येऊन बसलो. काच वर करताना लांबून काहीतरी घरघरल्यासारखे वाटले. ते मी यादीत धरलेले नाही.