राजकीय घोटाळ्यांच्या बातम्यांत मीडियाची भाषा पक्षपाती असते का? त्याने नक्की काय फरक पडतो?

असते, आणि फरक बराच पडतो, फक्त लोकांना वाटतं तसा नाही. भडक भाषेने नेता बदनाम होतो हे खरंय, पण पुढे जाऊन तीच भाषा त्याला वाचवते असं माझं मत आहे.

आपला सिंचन घोटाळाच घ्या. २०१२ ला "७० हजार कोटींचा घोटाळा" हे एवढं वाजलं की आजही लोकांना तोच आकडा पाठ आहे. आता तो आकडा फिरत होता दहा वर्षांतल्या सिंचनावरच्या एकूण खर्चाचा, आणि आर्थिक पाहणीत आलं की तेवढ्या काळात सिंचित क्षेत्र वाढलं ०.१ टक्का. म्हणजे प्रश्न जबरदस्त होता, टेंडरच्या किमती मधेच कशा फुगल्या, कामं अर्धवट का राहिली. पण हेडलाइनमध्ये खर्चाचाच घोटाळा झाला, जणू एक पाटसुद्धा खोदला नाही. मग समोरच्यांना उत्तर देणं किती सोपं, की अहो जेवढा खर्च तेवढाच घोटाळा कसा होईल? आणि मूळ प्रश्न गेला बाजूला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अजितदादांनी (अजित पवार, त्या दहा वर्षांत बराच काळ जलसंपदा मंत्री, म्हणून बोट त्यांच्याकडे) उपमुख्यमंत्रिपद सोडलं तर त्याचं झालं 'राजीनामास्त्र', आणि सगळं कव्हरेज दादा विरुद्ध बाबा (म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण) असं कुस्तीसारखं. धरणं कुठेच नाहीत त्यात. डिसेंबरमध्ये दादा परत मंत्रिमंडळात.

नंतर २३ नोव्हेंबर २०१९ चा तो फडणवीस-अजितदादांचा पहाटेचा शपथविधी आठवतोय ना, त्यानंतर दोनच दिवसांत एसीबीने (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने) सिंचनाच्या ९ चौकश्या बंद केल्या आणि लगेच 'दादांना क्लीन चिट' सुरू. एसीबीच सांगत होती की या ९ प्रकरणांचा दादांशी संबंध नाही, पण ते कोण वाचतंय. बरं, दादांवर जबाबदारी येत नाही असं एसीबीने हायकोर्टात सांगितलं ते वेगळं आणि नंतर.

टूजीचंही (मोबाइल कंपन्यांना स्पेक्ट्रम वाटपाचा घोटाळा) तेच. कॅगने (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) २०१० मध्ये १.७६ लाख कोटींचं अंदाजित नुकसान म्हटलं, टीव्हीवर त्याची 'लूट' झाली. २०१७ ला स्पेशल कोर्टाने सगळे आरोपी सोडले तर एकदम 'घोटाळा झालाच नव्हता'. मधल्या काळात, २०१२ मध्ये, सुप्रीम कोर्टाने वाटप बेकायदा म्हणून १२२ लायसन्स रद्द केली होती, ती या दोन्ही गोष्टींत बसत नव्हती म्हणून विसरली गेली.

अजून एक, क्रियापद बघत जा. विरोधी पक्षाचा माणूस असेल तर त्याने 'पैसे खाल्ले', चॅनलच्या जवळचा असेल तर 'अनियमितता झाल्याचे समोर आले'. कोणी केली ते वाक्यातच नाही. मराठीत हे फार सोयीचं आहे राव, कर्ता गाळला तरी वाक्य छान चालतं.