एकादशीला आलेली फाइल

पत्र थोडक्यात असं: "आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी ४१, नवरा ४४, मुलगा ९ वर्षांचा. आषाढी एकादशीच्या दिवशी दत्तक एजन्सीकडून महाराष्ट्रातल्या एका संस्थेतल्या चार वर्षांच्या मुलीची फाइल आली. जन्मतः कण्यात फट होती, ऑपरेशन झालंय, डोक्यात शंट (मेंदूत साचणारं पाणी खाली उतरवणारी नळी) आहे. मला वाटतं विठ्ठलानंच तिला धाडलं. नवरा म्हणतो, 'यात देवाला आणू नकोस, मला भीती वाटते.' सासूबाई फोनवर म्हणतात, 'मागच्या जन्मीचे भोग भोगायला आलेलं पोर, आपल्या दारात कशाला? आणि घ्यायचंच तर तालुक्याला दत्तकपत्र करून टाका, लवकर होईल.' उत्तर द्यायला ३० दिवस होते, त्यातले ८ गेले. काय करू?"

ताई,

फाइल एकादशीला आली आणि म्हणून ती तुम्ही हातात घेतलीत, इथवर ठीक. पण विठोबाचा कौल तिथपर्यंतच. शंट चालतोय का आणि मूत्रपिंडं कशी आहेत, हे तुम्हाला डॉक्टरांकडूनच कळणार. २२ दिवस त्याला पुरतात, आज फोन उचललात तर.

फाइलमध्ये दोन मुख्य कागद असतात: मुलीचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. अशा मुलांच्या वैद्यकीय अहवालात बरेचदा एकच ओळ असते, 'कण्याचं ऑपरेशन झालेलं, व्हीपी शंट बसवलेला'. एवढ्यावर सही करू नका. एजन्सीमार्फत संस्थेला नेमकं विचारा. शंट कधी बसवला, नंतर कितीदा बदलावा लागला, डोक्याचा घेर तारखांसकट किती? शेवटच्या सीटी स्कॅनच्या नुसत्या रिपोर्टवर भागवू नका, प्रतिमा असलेली सीडीच मागा. पुढं कधी शंट तुंबला तर डॉक्टर आधीच्या चित्राशी ताडून बघतात. ते चित्र नसेल तर रात्री दोन वाजता इमर्जन्सीत सगळं अंदाजानं चालतं.

पायांसाठी मोबाइलवरचा एक मिनिटाचा व्हिडिओ पुरतो. मुलीला उंच स्टुलावर पाय लोंबते ठेवून बसवायचं, गुडघा सरळ करायला सांगायचं, मग पाऊल वर ओढायला, मग तिला सांभाळणाऱ्या बाईंच्या तळहातावर पाऊल दाबायला. गुडघा सरळ होतो पण पाऊल हलत नाही, की तिन्ही जमतं, यावरून कण्यातल्या कोणत्या पातळीपर्यंत नसा काम करतात ते कळतं. घरात ती ब्रेस लावून चालेल की लांब जायला व्हीलचेअर लागेल, याचा अंदाज पाठीवरच्या व्रणापेक्षा या व्हिडिओतून चांगला येतो.

लोक पायांकडे बघतात आणि घात लघवीत होतो. या मुलांचं मूत्राशय बहुधा स्वतःहून नीट रिकामं होत नाही. आत साठून राहिलेल्या लघवीचा दाब वर मूत्रपिंडांवर येतो आणि ती वर्षानुवर्षं काही न दुखता बिघडत जातात. 'डायपर वापरते' एवढंच लिहिलं असेल तर सावध व्हा. गेल्या सहा महिन्यांतली पोटाची सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीच्या जंतुसंसर्गानं किती वेळा ताप आला, आणि लघवी काढायला नळी घालतात का, ही चार उत्तरं हवीतच. मग सगळं बाड आंतरराष्ट्रीय दत्तक मुलांच्या क्लिनिकला वाचायला पाठवा. काम काही दिवसांत होतं, मुदत किती उरलीय ते मात्र आधीच सांगा.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती मला श्रद्धेच्या विरुद्ध दिसत नाही. घरात एकाला तरी भीती वाटतेय हे बरंच आहे. दोघांनी बसून वाद घालण्याऐवजी सही करण्याआधी एक करा: मुलांच्या मूत्ररोग विभागातल्या नर्सला विनंती करून बाहुलीवर नळी घालायला शिका, आणि शिकायला दोघांनी जा. दर तीन-चार तासांनी, म्हणजे दिवसाला पाचेक वेळा. महिन्याला दीडशे नळ्या. विमा त्यातल्या किती देतो ते लेखी विचारा. पोट साफ होण्याचं वेगळं वेळापत्रक: रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं भांड्यावर, रोज, पाहुणे आले तरी. शाळेत हे नर्स करते. आठ-दहा वर्षांची झाली की बऱ्याच मुली आरसा धरून स्वतः शिकतात. 'आयुष्यभर करायचं' हा शब्द माणसाला चिरडतो. दहा मिनिटांचं काम हातानं एकदा करून पाहिलं की त्याचं माप कळतं. तरीही ते नको म्हणाले तर ते उत्तर धरा. होम स्टडीत, म्हणजे दत्तकाआधीच्या घरच्या तपासणीत, समाजसेविका दोघांशी वेगवेगळं बोलते, संमती दोघांची लागते, आणि विठोबाच्या नावानं काढलेली संमती पहिल्या आजारपणातच उसवते.

सासूबाईंना एवढंच सांगा: गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत ज्या नळीचा पुढं मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती मिटते, तोवर कित्येक बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, आईचा मधुमेह, फिटवरची काही औषधं ही ती नीट न मिटण्यामागची ठाऊक असलेली कारणं. पूर्वजन्म हवाच असेल तर कूर्मदासांची गोष्ट त्यांनाही ठाऊक असेल. हातपाय नसलेला तो वारकरी पैठणहून सरपटत निघाला, लऊळपर्यंतच पोचला, आणि विठोबा तिथं त्याला भेटायला आला. त्या गोष्टीत कूर्मदासाला कुणी 'भोग' विचारत नाही. हे ऐकूनही त्यांना पटेलच असं नाही. पटवत बसू नका. मुलीसमोर तो शब्द निघणार नाही, एवढं मात्र यजमानांनी त्यांच्याकडून वदवून घ्यावं. आणि तुम्हीही 'देवानं पदरात घातलेली' हे तिच्यासमोर फार बोलू नका. कुणाच्या पुण्याईची खूण होऊन वाढणं पोराला जड जातं.

दत्तकपत्राचं तर नावच काढू नका. संस्थेतलं मूल परदेशी जायचं तर कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, यांच्याच मार्गानं. भारत आणि अमेरिका दोघेही परदेशी दत्तकाच्या हेग कराराला बांधलेले आहेत. क्रम असा: तुमची सही, मग अमेरिकेत आय-८०० ची (याच मुलीला आणण्याच्या अर्जाची) तात्पुरती मंजुरी, मग अमेरिकन दूतावासाचं, दत्तक पुढं न्यायला हरकत नाही असं सांगणारं, कलम ५ चं पत्र, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर दत्तक आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा. आदेश आधी घेतलात तर व्हिसा अडकतो आणि मूल भारतातच राहतं. (इतर वाचकांसाठी: हा अर्ज अमेरिकन नागरिकच करू शकतो, नवराबायको दोघंही ग्रीन कार्डवर असाल तर तो करता येत नाही.) तुमच्या होम स्टडीत आणि आय-८००ए च्या (तुम्ही दत्तक घ्यायला योग्य आहात या) मंजुरीत अशा अपंगत्वाचं मूल बसतं का, ते आजच बघा. नसेल तर दुरुस्तीला आठवडे जातात. वयाची अडचण नाही. या वयाच्या मुलीसाठी दोघांच्या वयाची बेरीज १०० पर्यंत चालते, तुमची ८५ होते.

पैशांत एक खड्डा आहे. अमेरिकेच्या दत्तक करसवलतीत 'विशेष गरजांचं मूल' म्हणून खर्च न दाखवता पूर्ण रक्कम मिळते, ती परदेशातून आणलेल्या मुलाला लागू नाही. तुम्हाला खऱ्या खर्चाच्या पावत्या लागतील, आणि सवलत दत्तक पूर्ण झाल्याच्या वर्षी. कंपनीच्या विम्यात नाव घालायला दत्तक झाल्यापासून ३० दिवस असतात. जुना आजार म्हणून ते नाकारू शकत नाहीत, पण मुदत चुकली तर पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. शाळेच्या जिल्ह्याला मूल्यमापनाची मागणी लेखी द्या आणि मराठीतून तपासणी हवी असं लिहा. तिला इंग्रजी येत नाही याची नोंद बुद्धीच्या खात्यात पडायला नको.

स्वागताला फुगे लावू नका. कण्याच्या फटीच्या मुलांमध्ये रबराच्या लेटेक्सची अ‍ॅलर्जी खूप आढळते, आणि घरचे फुगे नि दवाखान्यातले हातमोजे हीच तिची नेहमीची ठिकाणं. प्रवासात उलट्या, डोकेदुखी, गुंगी, किंवा डोळे सारखे खाली वळणं दिसलं तर विमान लागलंय असं समजू नका, शंट तपासा. कधी पंढरपूरला नेलंत तर दुपारच्या फरशीवर तिला अनवाणी उतरवू नका. तळव्यांना चटका कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो. देवळाच्या दारात जाड मोजे किंवा कडेवर. नवस बोलला असाल तर तो तुम्ही चालून फेडा. दत्तकविधानाचा होम करायची हौस असेल तर आदेश झाल्यावर जरूर करा, कायद्याला त्याची गरज नाही.

आणि कागद वाचून, नळी हातात घेऊन, दोघांचं 'नाही' ठरलं, तर त्याच दिवशी एजन्सीला कळवा. तिसाव्या दिवसाची वाट बघू नका. तुमच्या नावावर राखलेली फाइल तेवढे दिवस दुसऱ्या कुठल्याच घराला दिसत नाही.