'रीहायर'समोर 'नाही' आलं, तेव्हा

प्रिय मित्रा,

ऑफर लेटर हातात आहे, रुजू व्हायला तीन आठवडे उरलेत आणि नव्या एचआरचा मेल येऊन पडलाय: 'बीजीव्हीमध्ये (पूर्वीच्या नोकरीच्या पडताळणीत) तफावत आढळली, खुलासा द्या.' जुन्या मॅनेजरने डूख धरला, अशी तुझी खात्री आहे. धरलाही असेल. पण खुलासा लिहायचा तर कोण काय बोललं ते शब्दशः माहीत हवं, आणि ते अजून तुला माहीत नाही.

या तपासणीत दोन वेगळी कामं चालतात. एक, जुन्या कंपनीच्या एचआरकडून नोंदींची पडताळणी: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, काही देणं बाकी आहे का, आणि 'पुन्हा घ्याल का?', म्हणजेच 'रीहायर'. हे सगळं एचआरमधलं कुणीतरी सिस्टीम बघून भरतं. त्या माणसाने तुला कधी पाहिलेलंही नसतं. दुसरं, रेफरन्स. म्हणजे तू ज्यांची नावं दिलीस त्यांना फोन करून तुझ्या कामाबद्दल विचारणं. मॅनेजरचं मत इथे येतं, आणि त्याचा नंबर बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. त्यामुळे शेरा कुठल्या भागातला आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

आजच नव्या एचआरला चार ओळींचा मेल कर. तफावत कुठल्या रकान्यात आहे, तिथे शब्द काय आहेत, रिपोर्टचा रंग अंबर (शंका) आहे की लाल (गंभीर तफावत) आणि कागद कधीपर्यंत हवेत, एवढंच विचार. अख्खा रिपोर्ट देणार नाहीत, पण शेऱ्याचे शब्द सहसा देतात, कारण खुलासा त्यांनाच हवा असतो. अंबर म्हणजे पुष्कळदा नुसतं 'पडताळणी होऊ शकली नाही' असतं: जुन्या एचआरने मेलला उत्तर दिलं नाही, कंपनी दुसरीत विलीन झाली, तुझा एम्प्लॉयी आयडी बंद पडला. तिथे वाईट कुणीच बोललेलं नाही. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 (कंपनीने दिलेला करकपातीचा दाखला) आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट दिलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

तारखांचा घोळ असेल तर आधी ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, पोर्टलवर यूएएनने (तुझ्या कायम पीएफ क्रमांकाने) लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे नोकऱ्यांच्या तारखांची नोंद, उघड. तपासणारे हल्ली तीच बघतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर पुढची नोकरी लागल्यावर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात आणि रिपोर्टमध्ये 'दुहेरी नोकरी' असा संशय येतो. मूनलायटिंगच्या (नोकरी चालू असताना गुपचूप दुसरं काम करण्याच्या) गाजावाजानंतर या शेऱ्याला फार वजन आलंय. ही तारीख तुला स्वतः भरता येते: 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. मात्र पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झालेले असावे लागतात, आणि तारीख त्या शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच घ्यावी लागते. रिलीव्हिंग लेटर (कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र) समोर ठेवूनच भर, कारण एकदा भरली की ती सहज बदलत नाही. आधीच चुकीची पडली असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे पीएफची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज, करावं लागतं. 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल, तर जानेवारी 2025 पासून ही दुरुस्ती जुन्या मालकाच्या संमतीवाचून करता येते. पीएफ कापलाच जात नव्हता? मग फॉर्म 26एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, काढ. टीडीएस कापला गेला असेल तर कापणाऱ्याचं नाव, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि तारखा त्यात असतात.

आता अवघड प्रकार. रकान्यात 'अॅबस्कॉन्डिंग' (न सांगता निघून गेला) किंवा 'एक्झिट फॉर्मॅलिटी अपूर्ण' असं लिहिलंय आणि त्यात थोडं तथ्य आहे. नोटीस 90 दिवसांची होती, तू 40 दिवस भरलेस आणि नव्या ऑफरच्या घाईत निघालास. लॅपटॉप कुरिअरने गेला, त्याची पोच घेतली नाहीस. इथे मॅनेजरला बोल लावून काही हाती लागणार नाही, हिशेब मिटवावा लागेल. नेमणूकपत्र काढून वसुली मूळ वेतनावर आहे की एकूण पगारावर, ते वाच. मूळ वेतन 24,000 रुपये आणि 50 दिवस कमी पडले असतील, तर 24,000 भागिले 30 गुणिले 50, म्हणजे 40,000 रुपये. शिल्लक रजा त्यातून वजा होते का, ते विचार. कंपनी या रकमेवर जीएसटी लावत असेल तर नम्रपणे नकार दे. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. 40,000 वरचे 18 टक्के म्हणजे 7,200 रुपये, सोडून देण्याजोगे नाहीत.

पैसे भरण्याआधी लेखी ठरवून घे, कारण पैसे गेल्यावर उत्तरं यायची थांबतात. मेल एचआरला, प्रत पेरोलला, मॅनेजरला नको. मजकूर साधारण असा: 'माझ्या नोटीस कालावधीतील 50 दिवसांची रक्कम भरण्यास मी तयार आहे. ती जमा झाल्यावर रिलीव्हिंग लेटर मिळावं आणि नोंद राजीनामा, नोटीस वसूल अशी दुरुस्त व्हावी. लॅपटॉपच्या कुरिअरची पावती सोबत जोडली आहे.' यात आपली बाजू, मॅनेजरचा जाच, रात्रीअपरात्रीचे कॉल, काहीच घालू नकोस. एचआरच्या माणसाला एक नोंद बदलायची आहे आणि त्यासाठी त्याला कारणाचा कागद हवाय. चार कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच धाग्यात आठवण कर, मग एचआर प्रमुखाकडे जा. 'पुन्हा घ्याल का'समोरचं 'नाही' मात्र बदलेलच असं नाही. पुष्कळ कंपन्या नोटीस अर्धवट सोडलेल्या सगळ्यांनाच ते लावतात, आणि नव्या एचआरलाही हे ठाऊक असतं.

राहिलं मॅनेजरचं मत. 'टीममध्ये मिसळत नाही', 'डेडलाइन पाळत नाही' अशा मतांना मोजपट्टी नसते, म्हणून ती खोडत बसू नकोस, शेजारी दुसरी साक्ष ठेव. त्याच कंपनीतला आधीचा मॅनेजर, आता दुसरीकडे गेलेला टीम लीड, क्लायंटच्या बाजूचा माणूस, असे दोघे शोध. नुसतं 'नाव देऊ का?' विचारलंस तर भिडेपोटी कुणीही हो म्हणतं. 'माझ्या कामाबद्दल चांगलं आणि नेमकं बोलता येईल का?' असं विचार, आणि समोरचा अडखळला तर ते नाव सोडून दे. हो म्हणणाऱ्याला अर्धं पान पाठव: एकत्र काम केल्याच्या तारखा, दोन प्रोजेक्ट, नवी नोकरी कशाची आहे. नव्या कंपनीला तू स्वतः सांगायचं ते तीन वाक्यांत: शेवटच्या सहा महिन्यांत कामाच्या वाटणीवरून मतभेद होते, त्या काळातलं अप्रेझल सोबत आहे, आधीच्या दोन वर्षांसाठी या दोघांशी बोला. चौथं वाक्य निघालं की ते गाऱ्हाणं होतं.

अब्रुनुकसानीची नोटीस पाठवू का, असं विचारलं आहेस. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष असते, आणि फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. पण त्याच कलमात, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला अपवाद आहे, आणि रेफरन्स देणारा त्याच्याच आड उभा राहतो. कुणी लेखी खोटा चोरीचा आरोप केला असेल तर वकील गाठ. 'काम यथातथा' असं कुणी म्हटलं म्हणून गाठू नकोस.

आणि एक. कुणी मित्र 'मी तुझा मॅनेजर म्हणून बोलतो' म्हणेल, कुणी रिलीव्हिंग लेटर छापून देईल. पडताळणी कंपनीच्या अधिकृत मेल आयडीवर जाते, त्यामुळे हे उघडं पडतं, आणि मग मिटण्यासारखा अंबर शेरा कायमचा लाल होऊन बसतो. रुजू झाल्यावरही त्याच कारणाने काढता येतं, तसं ऑफर लेटरात लिहिलेलं असतं.

सर्व्हिस हिस्टरी आज रात्रीच बघून घे. पोर्टल दिवसा रडतं, अकरानंतर जरा बरं चालतं. एचआरचं उत्तर आलं की शेऱ्याचे शब्द जसेच्या तसे मला पाठव, खुलाशाचा मसुदा त्यावरून करू.

तुझा,
काका