फाडफाड बोलते, पण वाचताना अडखळते

प्रश्न: मुलगी पहिलीपासून निम्मे विषय जपानीतून शिकली. आठवीनंतर शाळेतली ही सोय संपते आहे. ती फाडफाड बोलते, पण बातमी वाचायला दिली की अडखळते. क्लास लावावा का? यात करिअर होईल? – एक आई

उत्तर: क्लास लावा, पण नवशिक्यांच्या वर्गात बसवू नका, हिरागाना, म्हणजे जपानीची सुरुवातीची अक्षरमाला, पुन्हा गिरवायला लावली तर ती पंधरा दिवसांत कंटाळेल. तिचा कान तयार आहे. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, हा एका दीर्घ स्वराचा फरक मोठेपणी शिकणाऱ्यांना बराच काळ चकवतो. तिला तो शिकवावा लागत नाही.

गाडी अडते ती कांजीवर, म्हणजे जपानीतल्या चिनी वळणाच्या चित्रलिपीच्या चिन्हांवर. जपानमधल्या प्राथमिक शाळेत सहा वर्षांत 1026 कांजी होतात: पहिलीत 80, दुसरीत 160, मग 200, 202, 193 आणि 191. निम्मा दिवस जपानीत शिकणाऱ्या मुलांना हा वेग झेपत नाही. तिसरी-चौथीनंतर दोन कांजी जोडून झालेले अमूर्त शब्द वाढतात, आणि ते गप्पांत फारसे येत नाहीत. त्यामुळे बोलणं पुढे जातं, वाचन मागे राहतं.

आधी मोजमाप करा. प्रत्येक इयत्तेच्या यादीतले 20 कांजी, शब्दांत वापरून, श्रुतलेखनाला द्या. जिथे 14 पेक्षा कमी बरोबर येतील तिथून सुरुवात. समजा ती इयत्ता तिसरी निघाली, तर 786 कांजी उरतात. आठवड्याला 15 घेतले तर साधारण वर्षभराचं काम. सुटे कांजी घोकू नयेत, प्रत्येकाचे दोन शब्द आणि एक वाक्य लिहावं.

जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची, घाई नको. तिच्या पाच पातळ्या आहेत, एन5 सर्वांत सोपी आणि एन1 सर्वांत अवघड. एन2 ला 180 पैकी 90 गुण लागतात, शिवाय तिन्ही भागांत किमान 19. ऐकण्यात 55, शब्द-व्याकरणात 30 आणि वाचनात 17 मिळाले तर बेरीज 102 होते, तरी नापास! अशा मुलांचा घात इथेच होतो. आधी एन3 चा नमुना पेपर घड्याळ लावून सोडवून बघा. या परीक्षेत बोलणं तपासत नाहीत, म्हणजे तिची सर्वांत भक्कम बाजू तिथे मोजलीच जात नाही.

दुसरी उणीव आदरार्थी भाषेची, म्हणजे केइगोची. वर्गातली भाषा कार्यालयात चालत नाही. 'येणे'साठी समोरच्याबद्दल 'इराश्शारु' आणि स्वतःबद्दल 'माइरु', हे जाणीवपूर्वकच शिकावं लागतं. त्यासाठी मोठ्या माणसांशी बोलायची सवय हवी: आठवड्याला अर्धा तास शिक्षकांसोबत फोनवरच्या संभाषणाचा सराव पुरे.

करिअरचं म्हणाल तर, पूर्णवेळ दुभाषी किंवा अनुवादक व्हायचं नसेल तर नुसत्या भाषेवर विसंबू नका. यंत्रशास्त्र, संगणक, लेखापालन, यांपैकी एखाद्या विषयाला जपानीची जोड मिळाली की मागणी वेगळीच असते. जपानमध्ये पदवी घ्यायची असेल तर 'ईजेयू' (EJU) ही प्रवेशपरीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये होते. विज्ञान शाखेसाठी त्यात जपानीबरोबर गणित आणि विज्ञानही लागतं, तेव्हा कांजीच्या नादात गणिताचा तास कापू नका.