मी नास्तिक, ठरलेली मुलगी श्रद्धाळू. लग्न कसं करावं? आणि ‘देव मानत नाही तर नीती कशाच्या आधारावर?’ असं सासरे विचारतात, त्यांना काय सांगावं?

आधी सासऱ्यांचं बघू, कारण तो भाग सोपा आहे. अवघड जे आहे ते पुढे घरात आहे. मी स्वतः नास्तिक, नवरा आणि सासूबाई देव मानणारे, आणि संसार नीट चाललाय. एवढ्याच अधिकारावर लिहिते.

‘देवच मानत नाही तर हा उद्या माझ्या मुलीशी नीट वागेल याचा भरवसा काय?’ असं ते म्हणतात ना, त्यांना पंढरपूरची आठवण करून द्या. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले. गुरुजी कमालीचे भाविक. दार बंद ठेवू पाहणारेही भाविकच, पिढ्यान्पिढ्या त्याच विठ्ठलाच्या पायाशी बसलेले. देव एक, मंदिर एक, आणि निष्कर्ष मात्र उलटे. यात बरोबर कोण होतं हे सासऱ्यांना विचारा, ते क्षणात गुरुजींचं नाव घेतील. पण हा निवाडा काही विठ्ठलाने त्यांच्या कानात सांगितलेला नाही. बाहेर ताटकळत ठेवलेल्या माणसाचा अपमान त्यांना कळतो, म्हणून ते तसं म्हणतात. मीही तिथूनच ठरवते. कोणाला सोसावं लागतंय, आणि त्याला विचारलं होतं का, एवढं बघितलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. कधी नाहीही मिळत. तेव्हा पोथीतही मिळालं नसतं.

एका बाबतीत तर आपलं काम जास्त अवघड आहे. मी कोणाचं वाईट केलं तर मला माफ करू शकणारा माणूस एकच, ज्याचं वाईट केलं तो. मध्यस्थ नाही, प्रायश्चित्त नाही, गोदावरीत बुडी मारून मोकळं होणं नाही. संसारात हे फार जाणवतं. रात्री भांडण झालं की देवापुढे दिवा लावून मन हलकं करायची सोय नवऱ्याला आहे, मला नाही. मला त्याच्याशीच बोलावं लागतं, तो घोरत असला तरी उठवून.

पण म्हणून सासऱ्यांपुढे छाती फुगवून जाऊ नका. नास्तिक असणं हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. देवाला रजा दिलेले आणि हुंडा मात्र ‘आईवडिलांची इच्छा’ म्हणून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. आणि श्रद्धाळूंकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही, हेही मान्य करावं. घरात कोणी गेलं की त्यांच्याकडे दहा-तेरा दिवस हाताला काम असतं, माणसं येत राहतात. देहदान करून आलेल्या घरात संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या वाटेने गेलेले असतात. यावर माझ्याकडे अजून धड उपाय नाही.

आता घरातलं. हे नास्तिक पुरुषांना सहसा कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. पुरुषाच्या नास्तिकपणाची किंमत बऱ्याचदा बायको भरते. तो म्हणतो, ‘मी काही मानत नाही, तुम्हाला करायचं ते करा,’ आणि खोलीत जाऊन बसतो. पण कुलाचार थांबत नाहीत. नवरात्रातले उपास, गौरींचा स्वयंपाक, पितृपक्षातलं पान, सोवळ्याचे नियम, ‘यंदा का नाही केलं?’ विचारणाऱ्या आत्याबाईंना उत्तर देणं, सगळं तिच्याकडे. तो पुरोगामी ठरतो आणि ती राबते. वर तीच ‘अंधश्रद्धाळू’ म्हणून त्याच्या मित्रांत थट्टेचा विषय होते. उलट बाई नास्तिक असली तर तिच्या विचारांबद्दल कोणी काही विचारत नाही. ‘हिच्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागत नाही,’ एवढंच गावभर होतं.

सत्यनारायणाचंच घ्या. पूजेला जोडप्याने बसायचं असतं. तुम्ही बसायला नकार दिलात तर तो फक्त तुमचा नकार राहत नाही, तिचीही पूजा राहते. आमच्याकडे वास्तुशांतीला मी बसणार नाही म्हटलं. नवरा गप्प झाला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी दीर आणि जाऊबाई बसले. प्रसादाचा शिरा मी केला, सव्वाच्या मापाने, केळं घालून, आणि तो चांगला झाला असं सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं. ‘मग शिरा तरी कशाला केलास?’ असं एका कडव्या मित्राने विचारलं होतं. घरात साठ माणसं जेवायला होती म्हणून केला, दुसरं काय!

तेव्हा लग्नाआधी देवावर वाद घालण्यापेक्षा तिच्याशी कामांबद्दल बोला. कुळधर्म करायचे का, केले तर स्वयंपाकात तुम्ही असणार का? मुंज? मुलांच्या शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? (आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेलं आहे.) तुमच्या माघारी तुमच्या देहाचं काय, हेही. विचित्र वाटेल, पण तेव्हा निर्णय तिला घ्यायचाय आणि सगळे नातेवाईक तिच्याभोवती असणार आहेत.

लग्नाच्या पद्धतीबद्दल. ‘रजिस्टर लग्न’ या नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही आधी विधीने झालेल्या लग्नाची नोंद असते. विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीने हिंदू लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. नास्तिकाला हवा तो १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं तेच लग्न. मंत्र नाहीत, पण एक वाक्य दोघांनी एकमेकांना उद्देशून म्हणावंच लागतं, की मी तुला कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो किंवा स्वीकारते. १८७२ च्या जुन्या कायद्यात अशा लग्नासाठी आपण अमुक-अमुक धर्माचे नाही असं जाहीर करावं लागे. आता तसं नाही, त्यामुळे तुमच्या होणाऱ्या बायकोला श्रद्धा सोडावी लागत नाही. दोघंही हिंदू असाल तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे वारसाहक्कही हिंदू वारसा कायद्यानेच राहतो. सासऱ्यांना ही शंका येतेच.

समारंभ हवा असेल तर सत्यशोधक पद्धत पाहा. जोतीरावांनी १८७३ मध्ये समाज काढला आणि त्याच वर्षी पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजीशिवाय, थोड्या खर्चात, वधूवरांनी एकमेकांना वचन देऊन. जोतीराव नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे जगाचा निर्माता मानत. म्हणून ही पद्धत श्रद्धाळू घरालाही परकी वाटत नाही.

तिच्या घरचे अगदीच अडून बसले तर त्यांना सेवाग्रामची गोष्ट सांगा. आंध्रातले कट्टर नास्तिक गोरा यांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी सेवाग्राम आश्रमात लावायला गांधीजी तयार झाले होते. विधीत ‘ईश्वराच्या’ ऐवजी ‘सत्याच्या’ नावाने म्हणायलाही त्यांनी मान्यता दिली. त्यांच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, ते लग्न तिथेच लागलं. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाने एवढी जागा करून दिली, तर तुम्हीही हळदीला आणि अंतरपाटाला नाही म्हणू नका. मीही नकार दिला नव्हता.

हॉल ठरवताना तारखांचा हिशोब नीट करा. विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिल्यावर हरकतींसाठी ३० दिवस जावे लागतात आणि तीन महिन्यांत लग्न लावलं नाही तर ती रद्द होते. साक्षीदार तीन लागतात. त्यातले एक सासरेच असू द्या.